अ‍ॅबटसाहेबांची अकरा पुस्तकं

म्हसळ्याच्या बाजारपेठेत माझं झेरॉक्स आणि वह्या-पुस्तकांचं छोटं दुकान आहे. एका पावसाळ्यात ओळखीचा रद्दीवाला दुपारी टेम्पो थांबवून आत आला आणि म्हणाला, ‘भाऊ, इंग्रजी पुस्तकं आहेत. तुम्ही जुनं-पुराणं वाचता म्हणून पहिलं तुम्हाला दाखवतो.’ कुठल्याशा वाचनालयानं ‘वाचक नाही’ असा शेरा मारून काढून टाकलेल्या पुस्तकांचा गठ्ठा होता. त्यात पुठ्ठा गेलेलं, पहिली काही पानं फाटलेलं एक पुस्तक निघालं. पानांच्या माथ्यावर इंग्रजीत ‘तुकाराम’ असं छापलेलं होतं आणि शेवटच्या पानाला चिकटलेल्या दाखलचिठ्ठीवर शाईनं लिहिलं होतं : लेखक, जे. ई. अ‍ॅबट, अमेरिका. तीस रुपयांत मी ते घेतलं.

माझं शिक्षण वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षापर्यंतचं. इतिहास मला कुणी शिकवला नाही. जे थोडंफार येतं ते वाचून, विचारून आणि पुष्कळदा चुकून आलेलं आहे. या लेखातही एक चूक आहे. ती माझी आहे आणि छापली गेलेली आहे. ती निस्तरावी, हेच हा लेख लिहिण्याचं कारण.

त्या पुस्तकाच्या जोरावर मी एका स्थानिक स्मरणिकेत एक टिपण लिहिलं. एका अमेरिकन मिशनऱ्यानं तुकारामाचं इंग्रजी चरित्र लिहिलं, पुढे एकनाथ, रामदास, बहिणाबाई असे एकामागून एक ग्रंथ लिहून तो अकरा पुस्तकांचा लेखक झाला, असं त्यात म्हटलं होतं. ‘मराठी संतांचा अमेरिकन चरित्रकार’ असा मथळाही दिला होता. टिपण बऱ्याच जणांना आवडलं. मग एका संध्याकाळी वीज गेलेली असताना मी आईला त्या पुस्तकातला एक भाग वाचून दाखवला. वाचून दाखवला म्हणजे इंग्रजी पाहत माझ्या मराठीत सांगत गेलो. जिजाई भंडाऱ्याच्या डोंगरावर तुकारामाला भाकरी घेऊन निघाली आहे, ऊन तापलं आहे, आणि वाटेत तिच्या पायात काटा मोडतो, इथवर आलो.

आई म्हणाली, ‘आता पांडुरंग येईल काटा काढायला. ती तोंड फिरवील, तो त्या बाजूला उभा राहील.’

मी पुढची ओळ पाहिली. तेच होतं.

‘तुला कसं ठाऊक?’

‘अरे, हे आपल्या पोथीतलंच. भक्तलीलामृत. तुझा साहेब पोथी वाचतोय.’

आई चौथीपर्यंत शिकलेली. पण श्रावणात घरी पोथी लागायची, ती तिनं पन्नास-साठ वर्षं ऐकलेली. दुसऱ्या दिवशी तिची पोथी काढून मी ओळीनं ताडून पाहिलं. इंग्रजी मजकुरात मधूनमधून जे आकडे होते आणि जे मी छपाईखात्याची काहीतरी खूण समजत होतो, ते ओव्यांचे क्रमांक होते. अ‍ॅबट यांनी तुकारामाचं चरित्र लिहिलेलंच नव्हतं. महिपतीच्या ‘भक्तलीलामृता’चे पंचविसाव्यापासून चाळिसाव्यापर्यंतचे सोळा अध्याय त्यांनी ओवीमागून ओवी इंग्रजीत आणले होते. फाटून गेलेल्या पहिल्या पानावर हे स्वच्छ छापलेलं असतं, हे नंतर धड प्रत हाती आली तेव्हा दिसलं.

तेव्हापासून सात-आठ वर्षं मी या एका माणसाच्या छापील लेखनाची यादी करतो आहे. पाहता पाहता त्या यादीचं रूप पालटलं. ‘अ‍ॅबट यांची पुस्तकं’ म्हणून सुरू केलेल्या कागदावर दुसऱ्यांचीच नावं वाढत गेली.

*

जस्टिन एडवर्ड्‌स अ‍ॅबट यांचा जन्म १८५३ चा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यातल्या पोर्ट्‌स्मथ गावचा. वडील अमोस अ‍ॅबट हे अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे. त्यामुळे जस्टिन यांच्या बालपणाची काही वर्षं नगरकडे गेली. हा योगायोग पुढे महत्त्वाचा ठरतो, कारण महिपतीचं ताहराबाद त्याच जिल्ह्यात, राहुरी तालुक्यात आहे. अमेरिकेत शिक्षण पुरं करून १८८१ मध्ये ते मिशनरी म्हणून परत आले आणि १९१० पर्यंत मुंबई इलाख्यात राहिले.

अमेरिकन मिशन आपल्याकडे १८१३ पासून होतं. मुंबईत त्यांचा छापखाना होता, १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ होता. निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी टाइपाची विद्या घेतली ती लहानपणी याच मिशनच्या छापखान्यात. आमच्या किनाऱ्याशीही त्यांचा संबंध जुना. या पट्ट्यातल्या बेने इस्राएल मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या आणि त्या समाजातले शिक्षकही नेमले. आमच्या म्हसळ्यातही बेने इस्राएलांची वस्ती होती. म्हणजे अमेरिकन पाद्री हा प्राणी रायगडच्या माणसाला अगदीच अनोळखी नव्हता.

मिशनऱ्यांच्या मराठी लेखनाविषयी आपल्या मनात एक ठरलेलं चित्र असतं : हिंदू धर्माच्या खंडनाची पुस्तिका, रस्त्यातला वाद, चौकातलं प्रवचन. ते चित्र खोटं नाही. अ‍ॅबट त्याच परंपरेतले होते आणि शेवटपर्यंत श्रद्धावान ख्रिस्ती राहिले. पण त्यांच्या छापील लेखनाची यादी मांडली की खंडन बाजूला पडतं आणि भलतीच गोष्ट पुढे येते. हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचत होता. आधी दगडावरचं, मग तांब्यावरचं आणि शेवटी कागदावरचं.

*

दगडाची गोष्ट आमच्या जिल्ह्यातली. पालीजवळ नाडसूर गाव आहे. तिथून ठाणाळ्याच्या वरच्या बाजूला, वाघजाई घाटाच्या अंगाला कातळात तेवीस लेणी खोदलेली आहेत. थोड्या अंतरावर नेणवली, म्हणजे आजची खडसांबळ्याची लेणी. हा मुलूख तेव्हा भोर संस्थानात होता आणि आमचं म्हसळा जंजिऱ्याच्या सिद्दीकडे. आज एकच असलेला रायगड जिल्हा तेव्हा असा ठिगळांचा होता. गावकऱ्यांना, गुराख्यांना लेणी अर्थातच ठाऊक होती. पण अभ्यासकांच्या जगाला त्यांची पहिली छापील माहिती दिली ती अ‍ॅबट यांनी, १८९१ च्या ‘इंडियन अँटिक्वरी’त. पाठोपाठ त्याच वर्षी पुराणवस्तू खात्याच्या हेन्री कझिन्स यांचा नकाशे-चित्रांसह अहवाल निघाला. म्हणून बहुतेक ठिकाणी कझिन्स यांचं नाव राहिलं आणि अ‍ॅबट यांचं एखाद्या वाक्यात.

मी तिथे दोनदा गेलो. पहिल्यांदा वाट चुकून अर्ध्यातून परत फिरलो. दुसऱ्यांदा गावातला एक मुलगा बरोबर घेतला. ओढा, मग चढ, मग दाट झाडी, आणि लेणी समोर येईपर्यंत दिसत नाहीत. स्तूप आहेत, भिक्षूंच्या कोठड्या आहेत, एका मोठ्या विहारात गजलक्ष्मी कोरलेली आहे. पायात बूट आणि डोक्यावर टोप घातलेला एक पाद्री सव्वाशे वर्षांपूर्वी इथवर चढला तो कुणाला तरी वाट विचारूनच. त्या वाटाड्याचं नाव कुठे छापलेलं नाही. तेव्हा ही गोष्ट मला तेवढी टोचली नव्हती.

तांब्याची गोष्ट मला अधिक रंजक वाटते. शिवराई म्हणजे शिवछत्रपतींचा तांब्याचा पैसा. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. इंग्रजी अमलातही ती बाजारात चालत होती. आमच्या कोकणात जुन्या घरांच्या देव्हाऱ्यात, तांब्याच्या गडूत अजून एखादी सापडते. १९०० च्या सुमारास अ‍ॅबट यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात या नाण्यांवर एक निबंध लिहिला आणि त्याला नावही ‘प्राथमिक अभ्यास’ असंच दिलं. ज्या नाण्याकडे सराफ तांब्याच्या भावानं पाहत होते, ती नाणी त्यांनी हजारोंनी गोळा केली आणि एकेक वाचली.

वाचली म्हणजे काय केलं, ते नीट पाहण्यासारखं आहे. कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे ‘सीव’. कुठे ‘छत्रपति’ ऱ्हस्व, कुठे दीर्घ. हे फरक लावून त्यांनी गट पाडले. सगळ्या शिवराया शिवाजीमहाराजांच्या हयातीतल्या असणं शक्य नाही, त्यांच्यामागेही पुष्कळ काळ वेगवेगळ्या टांकसाळी हेच नाव पाडत राहिल्या, हे या ऱ्हस्व-दीर्घाच्या हिशेबानं दिसायला लागतं. पुढच्या नाणे-अभ्यासकांनी यात पुष्कळ दुरुस्त्या केल्या, भर घातली. पण सुरुवात म्हणून आजही त्या निबंधाचं नाव घ्यावं लागतं. आपल्याकडे शुद्धलेखनाची चेष्टा करणाऱ्यांना मी हे उदाहरण मुद्दाम सांगतो. एका वेलांटीवरून टांकसाळ ओळखता येते.

आणि कागदाची पहिली मोठी गोष्ट त्यांनी हिंदुस्थान सोडल्यावरची. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ साली छापलं गेलं ते रोमन लिपीत. नंतर १६४९ आणि १६५४ साली पुन्हा निघालं. या तिन्ही जुन्या आवृत्त्या दुर्मीळ झाल्या, इतक्या की १९०७ मध्ये मंगळूरला सालढाणा यांनी ते छापलं तेव्हा हाती लागलेल्या हस्तलिखितांवरूनच, पुन्हा रोमन लिपीत. मराठी ओवीतलं, ज्ञानेश्वरी-एकनाथांच्या वळणाचं पुराण, आणि मराठी वाचकाला त्याच्या लिपीत नाही, अशी ती विचित्र अवस्था होती. लंडनच्या प्राच्यविद्या विद्यालयात विल्यम मार्स्डन यांच्या संग्रहात त्याची देवनागरी हस्तलिखितं आहेत, हे अ‍ॅबट यांनी १९२३ साली त्या संस्थेच्या पत्रिकेत जाहीर केलं. रोमन पाठात जिथे पोर्तुगीज-लॅटिन शब्द आहेत तिथे या पाठात बऱ्याच ठिकाणी संस्कृत वळणाचे शब्द येतात. यावरून अ‍ॅबट यांनी हाच मूळ पाठ असं ठरवून टाकलं आणि लेखाच्या मथळ्यातच तसं म्हटलं. हा निष्कर्ष सर्वांनी मानलेला नाही. कुणाच्या मते हे नंतर केलेलं लिप्यंतर आहे. मलाही अ‍ॅबट इथे जरा घाईनं बोलले असं वाटतं. पण त्यांनी दाखवून दिलेल्या त्या हस्तलिखिताच्या आधारे १९९६ मध्ये कॅरिदाद द्रागो यांनी ‘ख्रिस्तपुराणा’ची देवनागरी आवृत्ती तयार केली. पाठ मूळ असो वा नसो, दार उघडलं होतं.

*

आता त्या अकरा पुस्तकांकडे. १९२६ साली ‘महाराष्ट्राचे कविसंत’ अशा अर्थाच्या नावाची एक इंग्रजी माला पुण्यात स्कॉटिश मिशनच्या छापखान्यातून निघू लागली. अ‍ॅबट तेव्हा बहात्तर वर्षांचे होते आणि न्यू जर्सीतल्या समिट गावी राहत होते. पहिला खंड भानुदास. १९२७ ला एकनाथ. १९२८ ला भिक्षुगीत आणि दासोपंत दिगंबर असे दोन. १९२९ ला बहिणाबाई आणि स्तोत्रमाला, पुन्हा दोन. १९३० ला तुकाराम, १९३२ ला रामदास. मग १९३३ आणि १९३४ मध्ये ‘भक्तविजय’ दोन खंडांत, आणि १९३५ मध्ये अकरावा आणि शेवटचा खंड, ‘भक्तलीलामृत’. दहा वर्षांत अकरा. जून १९३२ मध्ये अ‍ॅबट वारले. म्हणजे शेवटचे तीन खंड त्यांच्या मागून निघाले.

ही यादी नुसती वाचली तर माझ्यासारखा माणूस फसतो. पुस्तकं अकरा दिसतात, संतही बरेच दिसतात. पण मुळात शिरलं की वेगळाच हिशेब लागतो. एकनाथ हा खंड म्हणजे भक्तलीलामृताचे अध्याय १३ ते २४. तुकाराम म्हणजे २५ ते ४०. अकरावा खंड म्हणजे उरलेलं : पहिले बारा आणि शेवटचे अकरा अध्याय. तिन्ही जोडा, की एक्कावन्न अध्यायांची एक सलग पोथी होते. भानुदास हा ‘भक्तविजया’तला तुकडा आणि नववा-दहावा खंड म्हणजे सत्तावन्न अध्यायांचा सबंध ‘भक्तविजय’. रामदासाचा खंड महिपतीच्याच ‘संतविजया’वरून. अशी अकरातली सात पुस्तकं एकट्या महिपतीची निघतात, आणि तीही मुळात तीन ग्रंथांतली. उरतात चार : एकनाथी भागवताच्या तेविसाव्या अध्यायातलं भिक्षुगीत, दासोपंतांचं जुनं चरित्र, बहिणाबाई आणि स्तोत्रांचा संग्रह. महिपतीचं ‘संतलीलामृत’ मात्र या मालेत आलं नाही.

ग्रंथालयांच्या यादीत ही सगळी ‘अ‍ॅबट’ या नावाखाली बसतात. महिपती सापडायचा तर ‘विषय’ या रकान्यात, तोही ग्रंथपालानं मेहनत घेतली असेल तर. ताहराबादच्या या कुळकर्ण्यानं, कथा सांगतात त्याप्रमाणे, पूजेतून उठवून कचेरीत नेलं म्हणून सरकारी लेखणी कायमची खाली ठेवली आणि पुढे लेखणी धरली ती फक्त संतांसाठी. ‘भक्तविजय’ १७६२ चं, ‘भक्तलीलामृत’ १७७४ चं. त्या लेखणीचे इंग्रजीतले हक्क दुसऱ्याच्या नावावर जमा झाले आणि ती नोंद मीही डोळे झाकून उतरवून घेतली. गंमत अशी की महिपती या बाबतीत आपल्या सर्वांहून प्रामाणिक. आपण हे मनानं रचलेलं नाही, आपल्याआधी नाभाजीनं आणि उद्धवचिद्‌घनानं संतांच्या कथा लिहिल्या आहेत, असं तो वाचकाला सांगून टाकतो.

अ‍ॅबट यांनीही लपवलं नव्हतं, हे स्पष्ट केलं पाहिजे. मूळ ग्रंथ आणि अध्याय ते पहिल्या पानावर देतात, ओव्यांचे आकडे मजकुरात ठेवतात. कोणीही मूळ पोथी शेजारी ठेवून त्यांना पकडू शकेल अशी सोय त्यांनी स्वतःच केली आहे. त्यांचं इंग्रजी पुष्कळदा अडखळतं. ‘दीनबंधू’ आला की ते त्याचा शब्दशः अर्थ देतात, पुन्हा आला की पुन्हा देतात. इंग्रजी वाचणाऱ्याला कंटाळा येईल याची त्यांना फिकीर नाही. चमत्कार आला की ‘अशी समजूत आहे’ असं पुस्तीजोड वाक्य घालत नाहीत. पांडुरंग काटा काढतो म्हणजे काढतो. तीस वर्षं दुसऱ्या धर्माचा प्रचार केलेल्या माणसानं इतकं हात राखून भाषांतर करावं, हे मला त्यांच्या सगळ्या कामातलं सर्वांत अवघड वाटतं. ललित भाषांतर म्हणून मी या पुस्तकांना फार वर ठेवणार नाही. पण माझ्या आईला इंग्रजीतून पोथी ओळखता आली, ती या अडखळण्यामुळेच. भाषांतर सफाईदार असतं तर काटा, डोंगर आणि फिरवलेलं तोंड हे सगळं त्याच क्रमानं आलं असतं की नाही, शंका आहे.

*

अकरांतलं एक पुस्तक मात्र मी वारंवार उघडतो, ते बहिणाबाईचं. इथे एक खुलासा करतो, कारण दुकानात मला दर वर्षी एखादा विद्यार्थी विचारतोच : ही ‘अरे संसार’वाली खानदेशची बहिणाबाई चौधरी नव्हे. ही सतराव्या शतकातली, १६२८ ते १७०० या काळातली, वेरुळाजवळच्या देवगावची, तुकारामाची शिष्या.

लहानपणीच तिचं लग्न तीस वर्षांच्या बिजवराशी झालं. घरावर कर्जाचं संकट आलं आणि सगळं कुटुंब भिक्षा मागत गावोगाव फिरलं. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनाला ती एका वासराला घेऊन बसू लागली. ते वासरू गेलं. नवऱ्याला तिची भक्ती सहन होत नव्हती, त्यानं तिला मारलं, बांधून घातलं. ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्र तुकारामाला गुरू मानावं, हे त्याच्या वेदपाठी अभिमानाला झेपणारं नव्हतं. प्रत्यक्ष भेट होण्याआधी तुकारामाचा उपदेश तिला स्वप्नात झाला. पुढे ती सगळी देहूला गेली आणि तिथे मंबाजीचा छळ वाट्याला आला. हे सगळं ती स्वतः सांगते, अभंगात, ‘मी’ म्हणून. मागचे जन्मही सांगते. बाईच्या देहाला वेद-पुराणांनी दार बंद केलं, त्याचं दुःख लपवत नाही आणि नवऱ्याला सोडतही नाही.

हे अभंग १९१४ मध्ये धोंडो विनायक उमरखाने यांनी छापले, तोवर त्यांची फारशी कुणाला खबर नव्हती. त्यानंतर पंधरा वर्षांत, १९२९ साली ते अ‍ॅबट यांच्या इंग्रजीत आले. आपल्याकडच्या वाङ्मयेतिहासकारांनी तिला नीट जागा देण्यापूर्वी समिटमधल्या पंचाहत्तरीच्या माणसानं तिला सबंध खंड दिला, तोही तुकाराम आणि रामदास यांच्या आधी. हा क्रम मला सहज झालेला वाटत नाही. महिपतीच्या संतकथांत संत तिसऱ्या माणसाच्या तोंडून कळतो. इथे ती स्वतः बोलते. पोथ्यांच्या ओव्या मोजणाऱ्या माणसाला हा फरक कळला नसेल, असं मी मानत नाही. १९८५ मध्ये दिल्लीच्या मोतीलाल बनारसीदास यांनी हा खंड पुन्हा काढला, त्याला अ‍ॅन फेल्डहाउस यांची प्रस्तावना आहे. मराठी संतसाहित्याच्या अभ्यासात आयुष्य घालवलेली ही पुढच्या पिढीची अमेरिकन अभ्यासक. ज्या रद्दीच्या गठ्ठ्यात मला तुकाराम मिळाला, त्यात बहिणाबाई असती तर माझं ते टिपण तरी चुकलं नसतं. ‘बहिणाबाईचं आत्मचरित्र अ‍ॅबट यांनी लिहिलं’ असं मीसुद्धा लिहू शकलो नसतो.

*

शेवटच्या तीन खंडांच्या मुखपृष्ठावर अ‍ॅबट यांच्या शेजारी आणखी एक नाव आहे : पंडित नरहर आर. गोडबोले. अकराव्यावर तिसरंही आहे, ‘ज्ञानोदय’चे संपादक जे. एफ. एडवर्ड्‌स यांचं. अ‍ॅबट गेल्यावर हाती असलेलं भाषांतर छापून पुरं करण्याचं काम एडवर्ड्‌स यांनी केलं. एडवर्ड्‌स परिचित आहेत, नेल्सन फ्रेझर यांच्याबरोबरचं त्यांचं तुकारामावरचं इंग्रजी पुस्तक १९२२ चं. गोडबोले मात्र ‘पंडित’ या एका शब्दात उभे आहेत.

हा शब्द साधा नाही. मिशनरी असो, कलेक्टर असो की कोशकार, गोऱ्या साहेबाच्या प्रत्येक मराठी कामामागे एक पंडित असे. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशामागे तर शास्त्र्यांची एक फळीच होती. पंडितानं अर्थ सांगायचा, साहेबानं लिहायचं, आणि नाव कुणाचं पडायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. या पार्श्वभूमीवर १९३३ साली एका पंडिताचं नाव पुस्तकाच्या तोंडावर बरोबरीनं यावं, ही लहान गोष्ट नाही. आणि सत्तावन्न अध्याय, दहा हजारांच्या घरात ओव्या, हे काम पाहिलं की त्या नावाचं वजन कळतं. महिपतीची मराठी वरवर सोपी. पण ‘बहुत’, ‘निजांगे’, ‘तत्त्वतां’ असे ओवी भरायला घातलेले शब्द कुठे अर्थाचे आणि कुठे नुसत्या लयीचे, हे कानानं कळावं लागतं. ज्याच्या घरात पोथी वाचली गेली त्याला ते कळतं. समिट आणि पुणे यांच्यामध्ये तेव्हा आगबोटीचं टपाल कित्येक आठवडे घेई. त्या टपालानं जाणाऱ्या कागदांच्या एका टोकाला न्यू जर्सीतला म्हातारा होता आणि दुसऱ्या टोकाला हा कान होता, असं मी समजतो.

माझ्या त्या स्मरणिकेतल्या टिपणात गोडबोल्यांचं नाव नव्हतं. ‘भक्तविजया’च्या दोन खंडांचा उल्लेख होता, पण एकट्या अ‍ॅबट यांच्या नावावर. मुखपृष्ठाचं चित्र मी पाहिलेलं होतं. नाव वाचलंही होतं. ‘मराठी संतांचा अमेरिकन चरित्रकार’ या मथळ्यात ते बसत नव्हतं, एवढंच कारण. साहेबांच्या यादीतून पंडिताला वगळण्याचं काम दीडशे वर्षं साहेबच करत आले असा माझा समज होता. हे काम एका मराठी माणसानं, झेरॉक्सच्या दुकानात बसून, विसाव्या शतकानंतरही तितक्याच सहजपणे केलं. साहेबानं स्वतः छापलेलं नाव मी गाळलं. त्या ठाणाळ्याच्या वाटाड्याची आठवण मला नेमकी त्या वेळी झाली.

स्मरणिकेच्या संपादकांना दुरुस्तीचं पत्र पाठवलं. पण स्मरणिका काही दर वर्षी निघत नाही. म्हणून इथे लिहिलं.

आई आता पोथी वाचत नाही, डोळे साथ देत नाहीत. श्रावणात मी वाचतो, ती ऐकते आणि चुकलो की थांबवते. मोतीलालच्या आवृत्तीतला ‘भक्तविजय’ शेजारी उघडा असतो. एखादी ओवी अडली की मी इंग्रजीत डोकावतो, आणि तिथेही नाही उलगडली की आईला विचारतो. बहुतेक वेळा तिला येते.

यादीचं काम कार्डांवर आहे. पुठ्ठ्याच्या खोक्यात, दुकानातल्या जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून केलेली ती कार्डं. अकराही नव्यानं लिहिली. नवव्या आणि दहाव्यावर आता असं आहे : भक्तविजय. कर्ता महिपती, ताहराबाद, १७६२. इंग्रजी भाषांतर जस्टिन अ‍ॅबट आणि नरहर गोडबोले. पुणे, १९३३ व १९३४.